मंगळवारी येऊन गेला

शुक्रवारी रात्री, ताटल्या बाजूला सारून
इशबेल टेबलावर नकाशा पसरते.
सूर्योदय सात त्रेपन्न. ढग चाळीस टक्के.
इन्व्हर्नेसहून साडेचारला निघायचं.
पेट्रोल आजच भरलंय,
पुढचे पंप नऊशिवाय उठत नाहीत.
ती पेन्सिलीने बारीक फुली मारते :
इथून सुल्वेन तळ्यात उलटा दिसेल.
मी नुसता थर्मास आणि कोरडे मोजे खात्याचा मंत्री.

सात त्रेपन्न झाले. आठ वीस.
डोंगर गायब, तळ्यावर वाऱ्याचे वळ,
ट्रायपॉड चिखलात घोट्यापर्यंत.
मेंढ्यांमागून मिसेस मॅकास्किल आली,
बादली खाली ठेवून आम्हाला न्याहाळू लागली.
कशाची वाट बघताय?
प्रकाशाची, इशबेल म्हणाली.

तो होय! तो मंगळवारी येऊन गेला.
कुंपणाची तार ताणत होते मी,
पंधरा मिनिटं होता, सगळं तांबूस करून.
हात मोकळे नव्हते,
नाहीतर म्हटलं असतं, बस जरा.

परतताना वायपर करकरत राहिले.
अलापूलपाशी इशबेलने कॅलेंडर उघडलं,
आणि येत्या मंगळवारी
कुणी कुठलं दुखणं सांगून रजा काढायची
यावर आम्ही डिंगवॉलपर्यंत भांडलो.