बरं

कुहमोत डिसेंबरात दुपारी अडीचलाच दिवे लावतात.
वीहतोरी लावत नाही.
सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला
आपल्या घरातली खुर्ची कुठे आहे ते माहीत असतं.

दिवा जोव्हेलिन लावते, बूट दाराशी काढून.
तिचं गाव इलोइलोच्या अलीकडे,
जिथे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात
आणि कोणी गप्प बसलं की
कपाळाला हात लावून ताप बघतात.

नगरपालिकेनं दिलेला फोन टेबलावर,
साखरेच्या भांड्याला टेकवलेला.
फिनिश ऐकतो, हिलिगायनॉन बोलतो, मग उलट.
गोळ्या घेतल्या? घेतल्या.
गुडघा कसा आहे? जागेवर आहे.
फोन हेही गंभीरपणे सांगतो.

आणि रोज साडेसहाला
म्हातारा टेबलावर तळवा ठेवतो, म्हणतो : नो नीन.
फोन म्हणतो : बरं.

बरं म्हणजे झालं. बरं म्हणजे नीघ आता.
ती पिशवी उचलते,
वहीत लिहिते ‘प्रकृती बरी’
आणि उणे बावीसमध्ये गाडी काढते
पुढच्या घराकडे.
तीन आठवडे.

एकदा गाडी तापेपर्यंत तिनं फोनलाच विचारलं,
माझं काय चुकलं?
रोज ह्याच वेळी का घालवून देतो मला?

फोन म्हणाला,
घालवून देतो की नाही, मला ठाऊक नाही.
त्या शब्दाला मी रोज एकच अर्थ दिला, ती घाई झाली.
त्यानं काम संपतं तसं सुरूही होतं.
चल, असंही असेल. बस, असंही.
मला नुसता आवाज येतो.
तळव्याचं तू आत्ता सांगितलंस म्हणून कळलं.
टेबलावर आणखी काय असतं?

दोन कप, ती म्हणाली.
आणि काच पुसायची राहिलीच.

दोन कप, बश्यांसकट.
एक त्याचा.
एक निळ्या काठाचा, कोरडा,
जो ती रोज विसळून ठेवत आली होती.
वहीत तशी नोंदही होती :
विसरतो. जादा कप काढतो.

दुसऱ्या दिवशी साडेसहा. तळवा. नो नीन.
ती उठली नाही.
पुढच्या घरी कळवून टाकलं, पंधरा मिनिटं उशीर.
मग गाडीत घोकलेला एकच फिनिश शब्द
निळ्या कपाकडे बोट करून : कोणाला?

उभी हयात नदीतून ओंडके वाहून नेलेला तो माणूस.
अडकलेला ओंडका सुटतो तेव्हा
बघत असेल तसा बघत राहिला.
मग कॉफी ओतली. काहीतरी म्हणाला.
फोन म्हणाला : म्हणतोय, प्या.
तीन आठवडे थंड होते आहे.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं.

पण रविवारी ओउलूहून मुलीचा फोन येतो. इर्मेली.
त्याच्या मोठ्या बटणांच्या फोनवर
बर्फ, गाडीचे टायर, पुन्हा बर्फ.
मग तो तळवा टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, नो नीन.
तिकडून तीही म्हणते, नो नीन,
आणि ठेवते.
एकूण चार मिनिटं.
ह्या दोघांच्या मध्ये कोणी यंत्र ठेवत नाही.
भाषा एकच आहे ना त्यांची.

जोव्हेलिन फडकं खाली ठेवते.
तळवा अजून तिथेच.
हे माझं काम नाही, ती आपल्या भाषेत पुटपुटते,
करारात तर नाहीच नाही,
आणि साखरेच्या भांड्याशी टेकलेला फोन
इमानानं तेही फिनिशमध्ये सांगून टाकतो.

वीहतोरी मान वर करतो.
काय तुझं काम नाही?

ती नुसती दुसरा फोन त्याच्याकडे सरकवते,
निळ्या कपाला वळसा घालून.
मोठं बटण दोघांपैकी कोणी दाबलं
ते मला सांगता येणार नाही.
ओउलूत रिंग वाजते आहे.