अर्जदार क्रमांक तीन

सोजरबाई,
वकालतनाम्यावर तुमचा अंगठा घेतला
तेव्हा तुम्ही भांडी घासता घासता उठला होतात.
राखेचा हात लुगड्याला पुसलात,
शाईच्या पॅडवर टेकवलात,
आणि उचलताना विचारलंत,
"हे कशाचं हाय, साहेब?"
मी म्हणालो, नदीचं.

खोटं नव्हतं ते.
लिंबगव्हाणच्या खाली मांजरा
त्या उन्हाळ्यात काकवीसारखी वाहत होती.
हापशाचं पाणी रात्रभर ठेवलं
की सकाळी घागरीच्या कडेला तांबडी रेघ.
म्हशी वास घेऊन मान फिरवायच्या.
मला एवढं पुरे होतं.
बाटल्या, सील, पंचनामा, फोटो,
आणि त्यांच्यामागं जोडलेल्या तुम्ही:
एक वय, एक गाव,
अर्जदार क्रमांक तीन.

पुण्याला हरित लवादासमोर
"माझ्या अशिलांचं म्हणणं आहे की"
असं मी अकरा तारखांना म्हणालो.
तुमचं म्हणणं
एकदाही विचारलं नव्हतं.

मग आदेश झाला. डिस्टिलरी बंद.
पेढे घेऊन मी एसटीतून उतरलो
तर तुमच्या दारात उत्रेश्वर बसलेला,
बॉयलरवरचा कंत्राटी,
भर ड्युटीच्या वेळेला घरी.
पुडा कुठं ठेवावा कळेना.
तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं.
"माझ्या अंगठ्यानं लेकराचं काम गेलं म्हणायलेत.
खरं हाय का?"

पिशवीतून अर्ज काढला.
इंग्रजी, एकशे बेचाळीस पानं.
ओसरीवर मांडी घालून सांगायला लागलो
आणि माझ्याच वाक्यांना मराठी सापडेना.
परिच्छेद चोवीसला अडकलो:
'अर्जदारांना या सगळ्याची पूर्ण कल्पना आहे.'
टाईप मीच केलं होतं, रात्री दीडला.
"वाचा की," तुम्ही म्हणालात.

दिवेलागण झाली. शेख मैनोद्दीन,
अर्जदार क्रमांक दोन, जाळं खांद्यावर टाकून आले,
तेही काही माहीत नसलेले.
उत्रेश्वर उठून गेला, परत आला.
"पाणी साफ केलं तर कारखाना चालू ऱ्हाईल का?
दंडाचा पैसा कुणाच्या हातात पडतो?
मी मधीच सरले तर नदीची केस मरती का?
हरलो तर खर्च माझ्या बोकांडी का?"
दोनांची उत्तरं मला येत होती.
उरलेल्यांना मी "बघू" म्हणालो
तशा तुम्ही हसलात, त्या दिवसात पहिल्यांदा.
"ह्ये आदी सांगायचं असतं, साहेब.
सुईण बी विचारून हात लावती."

कंदिलाशी नवा कागद केला. दीड पान, मराठीत.
कायमचं बंद नको, पाणी साफ हवं,
तोवर कामगारांचा पगार कारखान्यानं द्यावा.
उत्रेश्वरनं मोठ्यानं वाचला,
'तोवर'खाली पेनानं रेघ ओढली.
मी पॅड उघडला.
"सकाळी," तुम्ही म्हणालात,
आणि आत गेलात.

सहा चाळीसची गाडी चुकली.
उशाशी पॅड उघडाच राहिलेला,
शाई वाळून कडक.
तुम्ही हापशावरून ओंजळ आणलीत,
तेच पाणी, तांबूस,
दोन थेंब सोडलेत त्याच्यावर
आणि अंगठा हवेतच धरून म्हणालात,
"आता परत एकदा वाचा."