दोरीला बांधलेली पेन्सिल

चियातुराच्या वाचनालयात दोन संगणक आहेत.
एक चालतो. दुसरा त्याच्या लहरीवर.
दोघांच्या मध्ये मी एक वही ठेवली, शंभर पानी,
आणि दोरीला बांधलेली पेन्सिल,
कारण जॉर्जियातल्या पेन्सिलींना पाय असतात.

पहिल्या पानावर लिहिलं:
जो कोर्स केलात, त्याबद्दल लिहा.
केला नसेल तर लिहू नका.

तीन आठवडे वही कोरी.
लोक यायचे, पडद्यावरचे तारे मोजायचे,
सगळ्यांनाच साडेचार.
साडेचारात आणि साडेचारात निवडायचं कसं?
दुरून डोंगर साजरे असतील.
आम्ही डोंगरातच राहतो,
दरड कुठे आहे ते विचारून पाऊल टाकतो.

मग लामझिराने लिहिलं:
"हिशेबाचा कोर्स. बाई छान समजावतात.
पण उदाहरणं सगळी हॉटेलांची.
माझा धंदा अंड्यांचा. अंडी फुटतात.
फुटलेल्याचा हिशेब अकराव्या धड्याआधी येत नाही."
खाली दुसरं अक्षर:
"बाराव्या. अकरावा करांचा."

ओतार, मँगनीजच्या खाणीतली रात्रपाळी करून:
"वेल्डिंग. तीनदा झोप लागली.
दोष माझा धरा, मास्तरांचा नको.
चौथ्यांदा जागा राहिलो. हात दाखवतात, तोंड नाही.
मला ते बरं वाटलं."

पंधरा वर्षांच्या गेगाने एका दुपारी
पाच कोर्सांपुढे पाचदा लिहिलं, अप्रतिम.
पाचही वेळा ऱ्हस्वदीर्घ चुकवून.
विचारलं तर म्हणाला,
वही रिकामी दिसत होती, वाईट वाटलं.
मी खोडलं नाही. शेजारी लिहिलं:
"मुलगा मनाचा चांगला आहे. कोर्स पाहिलेले नाहीत."

आणि मग मझिया.
जर्मनीला निघालेली, म्हाताऱ्यांची सेवा करायला.
मला म्हणाली, तूच सांग कुठला घेऊ,
तू शिकलेली.
मी वही उघडली नाही.
सर्वांत वर दिसला तो दाखवला, नव्वद लारींचा.
तिने पैसे भरले, माझ्यासमोर,
नोटा दोनदा मोजून.

दीड महिन्याने वहीत एक अख्खं पान:
"ग्रंथपालबाईंच्या सांगण्यावरून घेतला.
विमानतळ आला. संग्रहालय आलं.
कॉफी तीन तऱ्हांनी मागता येते आता.
मला विचारायचंय,
आजोबा, दुखतंय कुठे?
ते कुठेच नाही."

ते पान मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, खरं आहे,
पण पुढच्याने थांबून, पाय चोळत,
मागे वळून हाक द्यावी लागते.
मी तर त्या वाटेने गेलेच नव्हते,
नुसती बोट दाखवत उभी होते.

शनिवारी त्या पानाखाली
कोणाचं ते अजून कळलेलं नाही असं
तिरकं, डावऱ्या हाताचं अक्षर:
"नर्सांसाठीचा वेगळा आहे. फुकट.
आवाज खरखरतो, मागे कुत्रं भुंकतं.
पण सहाव्या धड्यात 'दुखतंय कुठे' आहे."

मझियाने तो दुसऱ्या संगणकावर केला,
लहरी संगणकावर,
बंद पडला की कपाळाला हात लावून
तेच वाक्य पुटपुटत.

ती गेली फेब्रुवारीत.
नव्वद लारींचा विषय काढला नाही,
मीही काढू शकले नाही.

काल फोनवर दोन ओळी आल्या:
"सहावा नाही गं, सातवा.
वहीत दुरुस्त कर, कोणी शोधत बसेल."

पान मागचं, दोरी आखूड.
वहीच ओढून पेन्सिलीपाशी आणली
आणि सहाचे सात केले.