मधली पायरी

डेन्झिलचा फोन रात्री साडेनवाला येतो,
त्याच्याकडे तेव्हा सकाळ.
आज रविवार. तो नुकताच प्रार्थनेहून आलेला,
कोटाला पिन लावलेली: क्रूस,
आणि क्रूसाला गुंडाळलेला झेंडा.

"आत्ये, इथं आता आपलं राज्य येतंय."
मी सुकट निवडत होते.
"आपलं म्हणजे कुणाचं रे?"
हसला. मग सांगत बसला,
शाळेच्या भिंतीवर आज्ञा लागतील, कोर्टातही,
कायदा पुस्तकाप्रमाणे, पुस्तक आपलं.
ज्यांना नको त्यांनी राहावं की खुशाल,
"पण पाहुण्यासारखं राहावं."

सुकटीची मिशी बोटात घुसली.

ढोकाळीची ती सोसायटी, सातवा मजला.
तुझा बाप सिव्हिलमध्ये, नळ्या लावलेला,
म्हणून आम्ही सहा बायका रोझरी म्हणत होतो,
पंखासुद्धा बंद करून, हळू.
सेक्रेटरी आला. मागे चौघं,
एकानं मोबाईल उंच धरलेला.
"बाटवाबाटवी इथं चालणार नाही."
मग जरा नरमला, चष्मा पुसत म्हणाला,
"राहा की, कोण नको म्हणतंय.
पण पाहुण्यासारखे राहा."

तू नऊ वर्षांचा. टेबलाखाली.
मुठीत मणी इतके आवळलेस
की तळहातावर खळगे पडले,
रात्री मी त्यावर खोबरेल लावलं.
ते वाक्य तू विमानात बरोबर नेशील,
तिथं घडी मोडून
दुसऱ्याच्या दाराला टांगशील,
असं काही वाटलं नव्हतं.

"तुझ्या समोरच्या घरात कोण राहतं?"
"एक सोमाली. टॅक्सी चालवतो. मुलगी आहे."
"केवढी?"
"असेल आठ-नऊची."
मला वाटलं, आता गप्प होईल.
झाला नाही.

मग मी फोन तसाच चालू ठेवून निघाले,
मेट्रोच्या पत्र्यांमागून, नळाच्या रांगेतल्या हंड्यांवरून,
गावठाणाच्या टोकाला, देवळाकडे.
आम्ही चर्चला देऊळच म्हणतो.
दगड बदलले, घंटा बदलली, गुडघे टेकायची तऱ्हा बदलली,
तोंडातला शब्द तेवढा कुणाला काढून नेता आला नाही.

मागच्या दाराला तीन पायऱ्या.
मधली अर्धगोल, उलटी बसवलेली,
तरी कडेला कमळाची पाकळी निसटलीय, चार बोटं.
कुणाच्या दाराची होती, ते सांगणारं कुणी उरलं नाही.
फिरंग्यांचं राज्य आलं होतं तेव्हा.
तेही त्याला आपलंच म्हणायचे.

माझी आय पहिल्या पायरीवर चपला काढायची नाही,
तिसरीवर नाही. या मधल्या पायरीशी काढायची.
का, विचारलं तर म्हणायची,
"कुणीतरी रडलं असंल इथं."

आपला तो पहिला पूर्वज
ओढीनं आला, की शेत वाचवायला,
की शिपाई दारात उभा म्हणून,
मला ठाऊक नाही. त्याचा राग नाही, गर्वही नाही.
मी मात्र रोज साडेसहाच्या मिस्साला येते
माझ्या दुखऱ्या गुडघ्यांनी,
आणि मला कुणी पाठवत नाही.
एवढंच माझं आहे, डेन्झिल. हे न पाठवणं.
ते गेलं तर आत नुसतं मेण जळतं.

आणि तुझी ती पिन.
ज्या लाकडाला तू झेंडा गुंडाळलास
ते सरकारी लाकूड होतं रे.
खिळे सरकारी, शिपाई सरकारी,
डोक्यावरची पाटीसुद्धा सरकारी.
आपला माणूस त्या बाजूला नव्हता.

हे सगळं मी बोलले का?
अर्धं बोलले. अर्ध्याला धाप लागली.

"आत्ये, काय दाखवतेस? काळं दिसतंय सगळं."
थांब, म्हटलं, टॉर्च लावते.
एका हातात तो, हजारो मैलांवरून चकाकणारा,
आणि दुसऱ्या हातानं
मी चपलेचा बंद सोडायला वाकले.