दोन बोटं खाली

आमच्या बेटावर घरं हलवतात.
सामान नव्हे, घरच.
खाली ओंडके सारतात, बैल जुंपतात,
पन्नासेक माणसं दोराला लागतात
आणि खवल्याखवल्यांच्या फळ्यांचं अख्खं घर,
खिडक्यांना पडदे तसेच,
टेकडी उतरून नव्या जागी जाऊन बसतं.
कधी तर समुद्रातून नेतात,
भरतीवर तरंगत, पुढे होड्या.
माझे सासरे बाल्दोविनो आरोळी देतात,
त्याशिवाय बैल पाऊल उचलत नाहीत.

म्हणून कास्त्रोच्या दवाखान्यात
पडद्यावरचा करडा ठिपका दाखवत
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भ नळीत अडकलाय, पिशवीत नाही,
तेव्हा मी विचारलं, किती अंतर?
त्यांनी हवेत दोन बोटं धरली.
मग ओढा ना खाली, मी म्हटलं.
त्या हसल्या नाहीत.
स्टूल जवळ घेतलं.
"याला दोर लावता येत नाही, यास्ना."

इंजेक्शन द्यायला नोल्फा आली, तिथली सुईण.
तिनं हातमोजे चढवले, एकावर एक, दोन जोड.
औषध तिच्या कातडीला लागू नये म्हणून.
ते माझ्या कमरेत गेलं.
मग सूचना:
फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद
(सतरा दिवस घेतल्या होत्या, घड्याळ लावून),
दारू नको, ऊन नको.
ऊन! जून महिन्यात, चिलोएत!
आणि चक्कर आली, किंवा खांद्याच्या टोकाला कळ आली
तर सकाळची वाट बघायची नाही, निघायचं.
खांद्याला का?
"आत रक्त साचलं की खांदा सांगतो."

एलिएसेरनं बोटीत डिझेल भरून ठेवलं,
बूट घालून झोपला.
रात्री दोनला, पुन्हा चारला, अंधारातून:
"खांदा?"
"नाही."
त्या आठवड्यात आम्ही एवढंच बोललो.

पहिल्या दिवशी रक्तातला आकडा अठराशे चाळीस.
चौथ्या दिवशी दोन हजार पंधरा.
वाढला.
"सुरुवातीला वाढतो कधीकधी, घाबरू नकोस," नोल्फा म्हणाली.
मी घाबरले नव्हते.
मला आनंद झाला होता.
हे मी तिला सांगितलं, फक्त तिला.
ती सुईच्या जागी कापूस दाबून उभी राहिली,
लागतो त्यापेक्षा बराच वेळ.
"मलाही झाला होता," म्हणाली.

मग चौदाशे नव्वद. मग सहाशे.
दर मंगळवारी फेरीबोट, वारा, उलटं तोंड.
तिकीटवाला तिसऱ्या खेपेपासून पैसे घेईना,
का ते मी विचारलं नाही, त्यानंही नाही.
बायका म्हणाल्या, अजून तरुण आहेस.
बायका म्हणाल्या, देवाची मर्जी.
एक म्हणाली, बरं झालं, लवकर कळलं,
आणि तिचं खरंही होतं,
म्हणून तिचाच राग जास्त आला.

बाल्दोविनो बटाट्यांचं पोतं घेऊन आले.
चुलीशी ठेवलं, दारात घुटमळले.
"कार्कामोचं घर ओढलं होतं आम्ही," म्हणाले,
"ओढ्याच्या अलीकडेच मधोमध फाटलं.
चूक बैलांची नव्हती.
घराचीही नव्हती."
टोपी घातली, गेले.
मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर रडले,
बटाटे सोलताना,
साल लांबच्या लांब एक निघेपर्यंत.

कुणी खांदा द्यावा असं काही नव्हतंच.
पेटी नाही, फुलं नाहीत.
फक्त कागद, घड्या घालून डब्यात ठेवलेले.

शेवटच्या कागदावर शून्य लिहीत नाहीत.
"पाचापेक्षा कमी," असं लिहितात.
म्हणजे किती? मी नोल्फाला विचारलं.
चार? एक?
"यंत्राला त्याच्या खालचं दिसत नाही," ती म्हणाली,
आणि माझी बाही स्वतःच खाली केली,
बटण लावलं.

आता एलिएसेर बूट काढून झोपतो.
तरी एखाद्या रात्री, झोपेतच,
"खांदा?"
मी त्याच्याकडे सरकते.
म्हणते, आहे.