अर्धं पान

आजोबांचं बाड मोठं नाही.
गिरणीच्या हजेरीवहीची मागची बाजू,
खाकी पुठ्ठा, सुतळीची शिवण,
आणि पहिल्याच पानावर, गणाच्याही आधी:
‘अनशीकाकीचे साडेअकरा रुपये देणे.’

मी ते टाइप करायला घेतलं
कारण आमच्या चॅनेलला आता जुनं लागतं.
जुनं म्हटलं की लोक थांबतात,
नवं म्हटलं की नाचतात,
आम्ही दोन्ही एकाच बॅनरवर छापतो.

धाकू गोरिवले, तुरेवाले.
लालबागला गावकीच्या खोलीत
छत्तीस ट्रंका, छत्तीस वळकट्या, बारा जणांपुरती जमीन.
एकाने कूस सोडली की दुसरा त्याच उबेला.
कानात बाळी, म्हणून शेटची पोरं म्हणायची बाल्या.
गौरी-गणपतीत एका पायात चाळ बांधून
रस्त्यावर गोल धरला की गॅलऱ्या हसायच्या:
बाल्या नाचला, बाल्या नाचला.
आजोबा सांगायचे, हसणाऱ्यांनीच चार आणे टाकले,
चार आण्याला हसू चिकटलेलं नसायचं.

एकाच पायात का? विचारलं होतं मी.
म्हणाले, दुसरा कामावर जायला मोकळा हवा.
थट्टाच. खरं कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पान त्रेचाळीस.
सामना सोनू भुवडाशी, शक्तीवाले, चौकात.
सवाल, तिरक्या अक्षरात:

पितळेचा म्हणशील नाद, तर पितळ मुकं खुंटीवर,
पायाचा म्हणशील नाद, तर पाय मुका वाटेवर,
दोघांच्या गाठीचं हे पोर, सांग शक्तीच्या लेकरा,
चाळ सोडल्यावर रात्री जातं कुणाच्या घरा?

खाली अर्धं पान कोरं.
वर इतकंच: ‘भोंगा झाला. भुवड रातपाळीला. जवाब उद्या.’

तो उद्या काही आला नाही.
आधी भुवडाला ताप, मग संप,
मग एकेक ट्रंक एसटीच्या टपावर.

मी भांडुपच्या टेकडीवर भुवडांचं घर शोधलं.
सून होती. बाड? हो, होतं की,
गौरीच्या पाटाखाली उंचीला ठेवायचो,
मग पाट नवा आला, बरोब्बर उंचीचा.
चहा दिला. फार गोड होता.

परवा परळला प्रयोग. हाऊसफुल्ल.
तिकीट साडेतीनशे, बाहेर साडेसातशे.
बेंजो, ऑक्टोपॅड, धुराचं मशीन,
ढोलकीला तीन माइक
आणि तरी ढोलकीच नीट ऐकू येईना.
अंधारभर मोबाइल पेटलेले.
गॅलरीतून हसलेल्यांची नातवंडंही असतील त्यात,
मागच्या रांगेत, उभी.

शक्तीकडून महिला मंडळ. शाहीर प्रणिता आग्रे,
वय तेवीस, दिवसा रक्त तपासायच्या लॅबमध्ये.
तिच्या एकाच पायात चाळ. मी आधी तेच पाहिलं.

मी सवाल टाकला. ठरलेला नव्हता.
आमच्याच पोरांची झांज अडखळली, सावरली.
आजोबांची चाल, माझा घसा,
शेवटच्या ओळीला आवाज फाटला.

तिने दोन आवर्तनं जाऊ दिली. पदर खोचला.

चाळ सोडली म्हणता कसे? चाळ पाडली, शाहिरा,
नाद बसलाय ट्रान्झिट कॅम्पात, खोली नंबर विचारा!

अख्खं थिएटर उभं राहिलं.
माझ्या मागचा कोरस, तुऱ्याचा, तोही.
शास्त्राने पाहिलं तर जवाब चूक:
तिने शब्दच मुरगळला,
तत्त्वाला हात लावला नाही.
आजोबा पंच असते तर गुण कापते,
आणि मग काडेपेटी शोधायच्या निमित्ताने
बाहेर जाऊन एकटेच हसते.

रात्री पेन्सिलला टोक केलं.
कोऱ्या अर्ध्या पानावर तिच्या दोन ओळी उतरवल्या,
नाव, तारीख,
आणि शेरा: ‘बरोबर नाही.’
खाली अजून दोन बोटं जागा उरते.