पाव टाकी

नोव्हेंबरात कूलर कोण घेतो?
दुकानात पत्रे भिंतीला टेकलेले,
वाळ्याच्या जाळ्या माळ्यावर,
आणि मी स्टुलावर बसून
उन्हाळ्यातली उधारी वाचत होतो,
तेव्हा सुकेशिनी गजघाटे आली इंदोऱ्याहून
पांढरी जुनी एस्टीम घेऊन.

म्हणाली, भाऊ, डाव्या वळणावर मरते.
सरळ रस्त्यानं पाहा, वाघीण. उजवीकडे वळवा, वाघीण.
डावं वळण लांबलं की खोकते,
दोन हिसके देते अन् गप.
तेही टाकी पावावर आली की.
पाच मिस्त्री झाले. फिल्टर नवा, पंप नवा, प्लग नवे.
एकानं त लिंबू-मिरची बांधली.

मी म्हटलं, पोरी, मी कूलरवाला.
"म्हणूनच त आली."

हिंगण्याच्या पलीकडे चुन्यानं आखलेलं मैदान.
मी मागच्या सीटवर, मांडीत लोणच्याची बरणी,
बरणीत पाव हिश्शाला निळीचं पाणी.
तिनं स्टिअरिंग डावीकडे तोडलं
आणि पाणी उठून
उजव्या काचेला पाठ लावून उभं राहिलं.
डावा तळ कोरडा. ठण्ण कोरडा.
मी तीन अंक मोजले, चौथ्याला इंजिन खोकलं.

एवढंच होतं.
पेट्रोल होतं की टाकीत,
फक्त नळीच्या तोंडाशी नव्हतं.

हे मला आधीच माहीत होतं, कूलरपायी.
स्टँडचा एक पाय आखूड असला
की पाणी एका कोपऱ्यात, पंप दुसऱ्या.
पंप हवा पितो, घरघरतो,
आणि गिऱ्हाईक म्हणतं, मोटर जळली.
मी पायाखाली लाकडाची चिपटी सारतो, वीस रुपये घेतो.
पण पळत्या गाडीच्या कोणत्या पायाखाली
चिपटी सारणार?

टाकी उतरवली. साबणाच्या पाण्यानं पाचदा धुतली,
आठ दिवस उन्हात उपडी ठेवली.
तरीही वेल्डिंगच्या आधी गळ्यापर्यंत पाणी भरलं,
कारण नाकातला वास मेला तरी
पत्र्याला तो आठवत असतो.
कामठी रोडच्या हनीफच्या भुवया
अजून अर्ध्याच आहेत.

आत, नळीभोवती, चार भिंतींची खोली केली.
प्रत्येक भिंतीला तळाशी एक दार, करंगळीएवढं,
बिजागरी अशी, की आतच उघडेल.
पेट्रोल येईल. जायला निघालं
की त्याच्याच धक्क्यानं दार आपटेल.
वर डिक्कीत एक लिटरचा पेला,
उंच आणि अरुंद, ताकाच्या पेल्यासारखा.
लहान पंप त्यात ओतत राहतो,
मोठा पंप त्याच्या तळातून पितो,
जास्तीचं परत टाकीत.

ती म्हणाली, म्हणजे गुल्लक.
मी म्हटलं, नाही. गुल्लक फोडावा लागतो.
हा रोज भरतो, रोज रिकामा होतो,
आणि आहे हे कोणाला समजतही नाही.
तिनं पेल्यावर नखानं टिचकी मारली,
आवाज ऐकला, काही बोलली नाही.

शर्यतीला मी दोरीशी उभा होतो, डोळे मिटून.
टाकी मुद्दाम पावावर ठेवली होती.
डावं वळण आलं.
एक. दोन. तीन. चार.
पाच.
आवाज सलग, शिवण न दिसणाऱ्या पत्र्यासारखा.
मी डोळे उघडले नाहीत.

तिसऱ्या फेरीत त्याच वळणावर
उजवा पुढचा टायर रिममधून निसटला.
इतका जोर त्यानं आजवर कधी सोसलाच नव्हता;
इंजिन आधीच मरायचं ना.
धूळ खाली बसली, सुकेशिनी उतरली,
टायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि हसत सुटली, हेल्मेटच्या आत,
फक्त खांदे हलताना दिसले.

नंबर शेवटून दुसरा.
मजुरी बाराशे ठरली होती, तिनं हजार दिले.
दोनशे माझ्या वहीत आहेत,
कूलरच्या उधारीच्या पानावर.
दुसरं पान नाही माझ्याकडे.